स्वातंत्र्यासाठी बोलावलं, मग "एकमेकांचे दास व्हा" कसं? (गलतीकरांस, अध्याय ५)

गिरणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात सध्या बायबलमधलं, प्रेषित पौलाने लिहिलेलं गलतीकरांस पत्र वाचतोय. मी चाळीसगावकडचा. संघात कॉलेजची, आयटीआयची आणि काही नुकती नोकरीला लागलेली मुलंमुली आहेत. पाचव्या अध्यायाचं पहिलं वचन सगळ्यांना आवडलं: ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं आहे, आता पुन्हा गुलामगिरीच्या जुवाखाली सापडू नका. मग तेरावं आलं. तुम्हाला स्वातंत्र्यासाठी पाचारण झालं, पण ते देहवासनांसाठी वापरू नका, तर "प्रीतीने एकमेकांचे दास व्हा".

एक मुलगी लगेच म्हणाली, "दादा, एका हाताने जू काढलं आणि दुसऱ्या हाताने परत ठेवलं का?"

मग मनातलं सगळं बाहेर आलं. रविवारी सतरंज्या कोण घालतं, स्पीकर कोण उचलतं, प्रीतिभोजनाची (मंडळीच्या एकत्र जेवणाची) भांडी कोण घासतं. "तुम्ही तरुण आहात, सेवा करा" असं सांगितलं जातं, आणि परीक्षा आहे म्हणून नाही म्हटलं तर "मुलं आत्मिक राहिली नाहीत" असं ऐकावं लागतं.

माझं मत सांगतो. ज्या सेवेला नाही म्हणता येत नाही, तिला पौल प्रीतीची सेवा म्हणणार नाही. पण एवढ्यावर थांबलो तर तेराव्या वचनाचा दुसरा भाग पुसल्यासारखं होईल, म्हणून तुम्हा सगळ्यांकडून ऐकायचं आहे. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

भुसावळ_जंक्शन

वाचतोय. विषय आमच्या घरातलाच आहे.

मास्तर_पारोळा

गिरणाकाठ, आधी ते भांडण कशावरून पेटलं होतं ते सांगतो. त्याशिवाय तेरावं वचन उलगडत नाही.

गलतिया हा रोमी प्रांत, आजच्या तुर्कस्तानाच्या मधल्या भागात. पौलाने तिथे मंडळ्या उभ्या केल्या, त्यांतले बहुतेक लोक यहुदी नव्हते. तो पुढे गेल्यावर दुसरे शिक्षक आले. त्यांचं म्हणणं असं, की ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे चांगलंच, पण देवाच्या लोकांत पुरते धरले जायचं असेल तर सुंता करून घ्या, दिवस-महिने-सण पाळा. पौल इतका संतापला की बाकीच्या बहुतेक पत्रांत आरंभी असते ती वाचकांबद्दलची उपकारस्तुतीसुद्धा इथे नाही. सलाम झाला की थेट विषयाला हात घालतो.

दुसऱ्या अध्यायातला अंत्युखियाचा प्रसंग तर आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला जेवत होता. यरुशलेमेतून याकोबाकडची माणसं आली आणि पेत्र त्या पंगतीतून मागे सरला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी सरले, बर्णबासुद्धा सरला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला धारेवर धरलं. एवढा मोठा प्रेषित, पण प्रश्न "तू कोणाशेजारी बसून जेवतोस" एवढाच होता. यरुशलेमेत इ.स. ४९ च्या सुमारास जी सभा भरली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५), तीही याच मुद्द्यावर: परराष्ट्रीयांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं घालायचं का?

तेव्हा पौलाचं स्वातंत्र्य म्हणजे देवासमोर जागा मिळवण्यासाठी आता काही कमवायचं उरलेलं नाही. जो कमवायच्या खटपटीत असतो त्याचं शेजाऱ्याकडे लक्ष जात नाही, शेजारीही त्याला आपल्या पुण्याच्या हिशेबातली एक रक्कम वाटतो. तो हिशेब ख्रिस्ताने मिटवला, म्हणून आता शेजाऱ्याकडे शेजारी म्हणून पाहा, असं तेरावं वचन सांगतं. चौदाव्यात लगेच लेवीयातली आज्ञा येते, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.

सालदाराचा_पोर

मास्तर, तुमचं सगळं पटलं, तरी मला हे वचन गिळायला जड जातं, आणि त्याचं कारण पुस्तकात नाही.

माझा बाप सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं. वर्षाचा पैसा, धान्य किती, कपडे किती, सगळं त्या दिवशी. लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधले जायचे, खापरावर पुरणपोळ्या व्हायच्या, आणि आमच्या घरात चर्चा असायची की याच मालकाकडे राहायचं का दुसरा पाहायचा. पण आधीची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटलेली नसायची, म्हणून चर्चेचा शेवट ठरलेला. कोंबडं आरवायच्या आत बैलांना चारा, रात्री सगळं गाव झोपल्यावर पिकाला पाणी द्यायला, बारं धरायला. आई मालकाच्या वाड्यावर शेणगोठा करायची, त्याचा वेगळा पैसा कधी धरलाच नाही.

आता मंडळीत मला सांगतात दास हो. मी विचारतो, हे नेमकं कोण कोणाला सांगतंय? खुर्चीवर बसणारा सतरंजीवर बसणाऱ्याला सांगत असेल तर त्यात नवीन काय? ते तर मालकही सांगत होता. आमच्या लोकांना सेवा शिकवायची गरज नाही. आम्हाला आधी ताठ बसू द्या.

कळण्याची_भाकर

सालदाराचा_पोर, भाऊ, तू खरं बोलना. हाई बराबर शे.

मेहुणचा_वारकरी

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे, मुक्ताईच्या गावाकडचा. गिरणाकाठ यांनी बोलावलं म्हणून लिहितो.

वारीत लहानमोठा, बाईबापडा, जो भेटेल त्याच्या पाया पडतात. समोरचाही आपल्या पाया पडतो. एकट्यानेच वाकायचं असतं तर ते सालदारीच झालं असतं, तिथे दोघेही वाकतात. तुमच्या वचनातल्या "एकमेकांचे" या शब्दावर कोणी काही बोललं नाही, मला तर सगळं वजन तिथेच दिसतं.

दुसरं, एक प्रामाणिक शंका. आमच्याकडे सुटका म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. तुम्ही स्वातंत्र्य म्हणता ते नेमकं कशापासून? सुंता हा तर आज खान्देशातल्या ख्रिस्ती माणसाचा प्रश्न नाही.

नवापूरची_लेक

वारकरीबाबांच्या प्रश्नाला माझ्या घरातून उत्तर देते.

मी मावची, नवापूर तालुक्यातली. आमच्याकडे ख्रिस्ती घरं बरीच आहेत, काही तर तीन-चार पिढ्यांची. माझ्या आजीला विचारलं होतं, की तुला प्रभूने कशातून सोडवलं? तिने पाप, नरक वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाली, "भीतीतून." गावात मूल दगावलं, म्हैस आटली की भगताकडे जायचं आणि भगत कोणत्या तरी बाईकडे बोट दाखवायचा. ती बाई डाकीण. बहुतेक वेळा विधवा, किंवा जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी. आजीच्या मावशीला असंच गावाबाहेर काढलं होतं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण तोवर किती बायका गेल्या असतील. आजी म्हणायची, ज्या दिवशी कळलं की सगळ्या आत्म्यांपेक्षा ख्रिस्त मोठा आहे, त्या दिवसापासून रात्री एकटी विहिरीवर जायला लागले.

हे स्वातंत्र्य खरं. पौलही चौथ्या अध्यायात गलतीकरांना सांगतो, की जे मुळात देव नाहीत त्यांचे तुम्ही दास होता, आता पुन्हा तिकडे कसे वळता?

आणि पुढे काय झालं तेही सांगते. भीतीतून सुटलेल्या आजीने काय केलं, तर ज्या बाईला गाव डाकीण म्हणत होतं तिच्या घरी जाऊन पाणी प्यायली. तिच्या बाळंतीण लेकीला तेल लावायला रोज गेली. कोणी सांगितलं नव्हतं. भीती होती तोवर तिला ते करताच आलं नसतं. मला तरी तेरावं वचन असंच समजतं.

पण गिरणाकाठ यांच्या पोरांचंही बरोबर आहे. आमच्याकडे भगताची भीती गेली आणि तिच्या जागी नवी यादी आली. ढोल वाजवायचा नाही, होळीला मामाच्या गावी जायचं नाही, अमुक दागिने घालायचे नाहीत. का, असं विचारलं की उत्तर नाही. तेव्हा मला गलतियातले ते शिक्षक आठवतात.

मास्तर_पारोळा

नवापूरची_लेक, तुमच्या आजीबद्दल वाचून माझं मोठं लिहिणं थांबवावंसं वाटलं. सहाव्या वचनात पौल म्हणतो की सुंता असणं काही नाही, नसणंही काही नाही, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास तेवढा महत्त्वाचा. तो असा दिसतो.

जुनाभाविक_धुळे

मी साठी ओलांडलेला माणूस आहे, पंचकमिटीवर बरीच वर्षं काम केलं. मला काही गोष्टी खटकतात, त्या स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

हल्ली स्वातंत्र्य म्हटलं की मुलांना "मला वाटेल तेव्हा" एवढंच कळतं. वाटेल तेव्हा उपासनेला, वाटलं तर दशमांश (मिळकतीचा दहावा हिस्सा), वाटलं तर आजाऱ्याची भेट. आमच्या वेळी पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) सायकलवर खेडी फिरायचे आणि आम्ही पोरं मागे कंदील घेऊन. कोणी विचारलं नाही की तुला जमेल का. त्या सवयीने आम्ही घडलो. प्रीती मनात उमलेपर्यंत सतरंजी घालायची थांबलो तर उपासना उघड्या फरशीवर होईल. शिस्तीतून प्रीती येते, हे मी माझ्या आयुष्यात पाहिलं आहे.

आणि पौलाचं पंधरावं वचनही वाचा. एकमेकांना चावाल, खाल, तर एकमेकांना संपवून टाकाल. स्वातंत्र्याच्या नावाखाली दोन गट पडून एक मंडळी फुटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. सख्खे भाऊ आजही एकमेकांच्या दुःखाला जात नाहीत.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

जुनाभाविक काका, राग कसला. सवयीचं तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, लहान मुलाला आधी हात जोडायला शिकवतो, अर्थ मागून कळतो. पण माझी मुलं लहान नाहीत. आणि तुमच्या आठवणीत पाळकसाहेब स्वतः सायकल मारत होते. कंदील धरणाऱ्या पोरांच्या पुढे ते होते. आमच्या पोरांना तेवढंच दिसत नाहीये.

कळण्याची_भाकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा आणून देतात. मी खाते. सासूबाई खात नाहीत, आणि मी खाल्ला की दिवसभर बोलत नाहीत. मी मोकळी आहे की नाही? (शिरा फार सुरेख असतो.)

भुसावळ_जंक्शन

रेल्वे कॉलनीत वाढलो. गणपतीत दहा दिवस ह्याच प्रश्नावर आमच्या घरी आई-बाबांची जुंपायची. मोदक मात्र शिल्लक राहिल्याचं आठवत नाही.

आखाजीचा_झोका

आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांबाबत (नैवेद्याबाबत) तरी ख्रिस्ती मंडळींना हा पेच नाही! नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, पण रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेरच्याला देतच नाहीत. आम्ही शेजाऱ्यांना फक्त गाण्यांना आणि फुगड्यांना बोलावतो.

मास्तर_पारोळा

भाकरताई, तुमचा प्रश्न अवांतर नाही, पौलाला करिंथ आणि रोम दोन्हीकडच्या मंडळ्यांना यावर अध्यायच्या अध्याय लिहावे लागले. पहिलं करिंथ, आठवा आणि दहावा अध्याय, रोमकरांस चौदावा.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. मूर्ती काही नाही आणि देव एकच, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अन्नाने काही होत नाही. बाजारात मिळतं ते खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशा करत बसू नका. पण "हे नैवेद्याचं आहे" असं कोणी मुद्दाम सांगितलं, किंवा शेजारी बसलेल्या भावाचं मन त्याने दुखावत असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नका. आणि मूर्तीपुढे पूजेच्या पंगतीत बसणं ही वेगळी गोष्ट, तिथे पौल कडक आहे. स्वतःबद्दल तो म्हणतो, माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही.

म्हणजे तुम्ही मोकळ्या आहात, आणि सासूबाईंसाठी तो शिरा बाजूला ठेवायलाही मोकळ्या आहात.

नवापूरची_लेक

मास्तर, इथे मी भांडणार. "दुर्बळ भावासाठी सोडा" हे आमच्याकडे कायम सुनेलाच सांगतात. मग ज्याचं मन सगळ्यांत लवकर दुखावतं त्याचंच राज्य चालतं. रोमकरांसच्या त्याच चौदाव्या अध्यायात दुसरी बाजूही आहे. जो खात नाही त्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. सासूबाईंना हे वचन कोण वाचून दाखवणार? आणि काकूंचं काय? त्या प्रेमाने वाटी घेऊन दारात उभ्या असतात. वाटी परत फिरवली तर त्यांचं मन दुखावत नाही का?

कळण्याची_भाकर

लेकी, माझ्या मनातलं लिहिलंस. यावर एक करते. मास्तरांचा प्रतिसाद आणि तुझा, दोन्ही सासूबाईंना वाचून दाखवते. त्यांना अक्षरं दिसत नाहीत आता, रोज रात्री शास्त्र मीच वाचते, त्यात हेही वाचेन.

नर्सबाई

धुळ्यात रुग्णालयात काम करते, रात्रपाळीवरून आले आहे, म्हणून तुटक लिहीन.

"प्रीतीने सेवा" हे वाक्य आमच्या धंद्यात भिंतीवर लावलेलं असतं. मी आधी जिथे होते तिथे एका वॉर्डाला दोन नर्स, आणि पाळी संपली तरी थांबायचं. तक्रार केली की भिंतीकडे बोट. तुम्ही तर ख्रिस्ती, तुम्हाला सेवेचं काय ओझं? माझ्याबरोबरची एक मुलगी शेवटी आजारी पडून गावी परत गेली.

मी पुष्कळ दिवस मानत होते की थकणं म्हणजे विश्वास कमी. मग मार्काचा सहावा अध्याय वाचला. शिष्य काम करून आले, लोकांची एवढी ये-जा की जेवायला सवड नाही, आणि येशू म्हणतो, चला, एकांतात येऊन थोडा विसावा घ्या. त्यानेच सांगितलं. मार्थाच्या घरीही तो सैपाकाला नावं ठेवत नाही, ती किती गोष्टींची काळजी वाहते आहे हे तिला प्रेमाने दाखवतो.

तरीही मी हे काम सोडलेलं नाही. सातपुड्यातून जीपमध्ये घालून आणलेली बाई येते, रक्त कमी, अंगावर सूज, भाषा माझी नाही. तिचा हात धरला की ती सोडत नाही. त्या वेळी मला कोणी भिंत दाखवायला लागत नाही. तासाचा पगार मागणं आणि तिचा हात धरणं, ही दोन्ही मीच करते, दोन्ही मोकळ्या मनाने करते. ज्यांना वाटतं की पगार मागितला की प्रीती संपली, त्यांनी आमच्याकडे एक रात्र काढावी.

सालदाराचा_पोर

नर्सताई, तुमच्या पायाला हात लावतो. हे मला कळलं. हे वरून आलेलं नाही, तुमच्या आतून आलंय.

ऊसाचा_फड

तळोदा बाजूने लिहितोय. उचलीचा विषय निघाला म्हणून.

दिवाळी झाली की आमची अर्धी गावं रिकामी होतात, गुजरातेत ऊस तोडायला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, घराला पत्रे टाकले, लग्न केलं, दवाखाना झाला. मग ती फिटेपर्यंत कोयता. रविवारी देवळात (चर्चमध्ये) म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं एवढीच.

त्या दिवसांत मागे राहिलेले लोक काय करतात ते सांगतो. गेलेल्यांच्या शेळ्या सांभाळतात. त्यांच्या म्हाताऱ्यांना रेशनच्या दुकानावर अंगठा लावायला धरून नेतात. पोरं शाळेत जातात की नाही ते पाहतात. एक मावशी आहेत, स्वतःची दोन आणि फडावर गेलेल्यांची पोरं एकाच चुलीवर जेवू घालतात. ह्याला कोणी "सेवाकार्य" म्हणत नाही. यादी नाही, अहवाल नाही. पुढच्या वर्षी त्या स्वतः फडावर गेल्या तर त्यांची पोरं दुसऱ्या चुलीवर जेवतील. वारकरीबाबा म्हणाले ते "एकमेकांचे" हेच असावं.

पण मला पाळकांना एक विचारायचं आहे. उचलीतून सुटायला मंडळी काही करते का? आमच्याकडे प्रार्थना होते. ती हवीच. पण गलतीकरांसवर संदेश देताना मुकादमाच्या वहीचं नाव निघत नाही.

मास्तर_पारोळा

फडवाले भाऊ, यावर पौलाचं एक वाक्य फार कमी वेळा वाचलं जातं. पहिलं करिंथ सात, एकविसाव्यापासून. दास असताना तुला बोलावलं गेलं तर चिंता करू नकोस, पण मोकळं होता येत असेल तर त्याचा उपयोग करून घे. आणि तेविसाव्यात, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात, माणसांचे दास होऊ नका. जो पौल गलतीकरांना प्रीतीने दास व्हायला सांगतो, तोच इथे माणसांचे दास होऊ नका म्हणतो. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रातही त्याच्या पळालेल्या गुलामाला, अनेसिमाला, परत पाठवताना तो सांगतो की आता याला दास म्हणून नाही, प्रिय बंधू म्हणून घे. आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. उचलीवर बोलायचं तर इथून सुरुवात करता येईल. त्याचं देणं माझ्या नावावर मांड, असं किती मंडळ्या म्हणतील?

मार्टिन ल्यूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना दोन वाक्यं शेजारी-शेजारी ठेवली होती. ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कोणाच्या ताब्यात नाही. ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, सर्वांच्या ताब्यात आहे. सालदाराचा_पोर म्हणतो त्यात जोर आहे, कारण आपण दुसरं वाक्य गरिबाला सांगतो आणि पहिलं स्वतःकडे ठेवतो. ज्याने आयुष्यभर दुसरंच ऐकलं त्याला पहिलं आधी ऐकू आलं पाहिजे.

मेहुणचा_वारकरी

अनेसिमाची गोष्ट मला माहीत नव्हती. आभार. आमच्या अमळनेरात शिकवून गेलेले साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली उपोषणाला बसले होते. त्यांना स्वतःला तर मंदिरात कोणी अडवत नव्हतं. ज्याला दार उघडं आहे त्याने ज्याला बंद आहे त्याच्यासाठी उपाशी राहायचं. तुमच्या वचनाशी हे जुळतं का, ते तुम्ही सांगा.

मास्तर_पारोळा

पुरतं जुळतं.

आणि आपल्या मराठी ख्रिस्ती घरातलंही एक सांगतो. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नंतर त्यांच्याकडे आल्या तरी आपलं सोवळं पाळत होत्या, आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ते बंधन त्यांच्या स्वतःच्या विचारानेच सुटलं, मग बाप्तिस्मा. आणि पुढे त्या घरात परक्यांची किती पोरं वाढली! घाई केली असती तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

जुनाभाविक_धुळे

सगळं वाचलं. माझं शिस्तीबद्दलचं मत कायम आहे. तरी सालदाराचा_पोर यांना एक सांगायचं आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. तो भाग आपण "तुम्हीही धुवा" इथपर्यंत धावत वाचतो. पण आधी पेत्र पाय पुढे करायला तयार नव्हता आणि प्रभू म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. आधी धुवून घ्यावं लागतं. तुमच्या वडिलांचे पाय कोणी धुतले नसतील. तुम्ही धुळ्याला आलात तर माझ्या घरी जेवायला या. मी वाढीन.

सालदाराचा_पोर

काका, येईन. बापालाही घेऊन येतो, ते अजून आहेत. खुर्चीवर बसायला लाजतात, तेवढं सांभाळून घ्या.

तेराव्या वचनाबद्दल माझं म्हणणं आता एवढंच. गुरु आधी वाकला म्हणून ते वचन मी ऐकून घेतो. पाळक आणि कमिटीही त्याच क्रमाने चालली तर आमची पोरं सतरंज्याच काय, मांडवही घालतील.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मधल्या रविवारी संघात पुन्हा बसलो. इथले प्रतिसाद, नावं वगळून, वाचून दाखवले. नवापूरच्या आजींचा आणि नर्सबाईंचा दोनदा वाचायला लावला.

मुलांनी स्वतः ठरवलं ते असं. नोटीस बोर्डावर संघाच्या नावाने लागणारी ड्युटीची यादी काढायची विनंती कमिटीला करायची. त्याऐवजी उपासनेच्या अर्धा तास आधी जो येईल तो घालेल, वय न पाहता. परीक्षेच्या महिन्यात कोणी आलं नाही तर कोणी बोलायचं नाही. आणि ज्या मुलीने जुवाचा प्रश्न विचारला होता तिने सुचवलं की मंडळीतली दोन कुटुंबं ऊसतोडीला गेली आहेत, त्यांच्या आजीआजोबांकडे आठवड्यातून एकदा जाऊन औषधं, लाइटबिल आणि मोबाइलचा रिचार्ज बघायचा. हे कोणीही सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेबांशी बोललो. यादीवर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले पुढच्या रविवारी मी लवकर येतो. कमिटीत दोघांचा विरोध आहे, विषय वार्षिक सभेपुढे जाईल.

उचलीबद्दल ऊसाचा_फड यांनी विचारलेलं मी तसंच्या तसं पाळकांना दिलं आहे. मंडळीच्या मदत निधीतून एखाद्या कुटुंबाची उचल फेडून पुढे बिनव्याजी हप्त्याने घेता येईल का, यावर खजिनदार हिशेब मांडत आहेत. रक्कम मोठी आहे, त्यामुळे होईलच असं म्हणत नाही.

नर्सबाई

सतरंज्यांचं झालं. भांड्यांचं काय ठरलं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

भांडी अजून महिला मंडळाकडेच आहेत. मुलांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही.

नवापूरची_लेक

मग सहावा अध्याय सुरू करण्याआधी ते घ्या. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा म्हटलंय. प्रीतिभोजनाला किती माणसं असतात तुमच्याकडे?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

शंभर-सव्वाशे. पुढच्या महिन्यात आहे. संघातल्या मुलांना घासणी आणि साबण घेऊन यायला सांगतो, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंना आधी विचारतो की त्यांना चालेल का.